पत्ता न विचारता

४ मार्च, सोमवार. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे.

आत्या,

आत्ताच मी बुटांना पॉलिश करत होतो. डावा झाला, उजवा अर्धा राहिला आणि तुला कळवलंच नाही हे आठवलं, म्हणून ब्रश ठेवून लिहायला बसलो. मला नोकरी लागली. आज पहिला दिवस. कंत्राट एक वर्षाचं आहे, पण सरकारी इमारतीत बसायचं आहे, खुर्चीला पाठ आहे आणि ओळखपत्र मिळणार आहे. बाबांनी शेजाऱ्यांना "सरकारी नोकरी" असं सांगितलंय. मी त्यांना दोनदा म्हटलं, "कंत्राटी म्हणा." ते म्हणाले, "कागदावर तू लिही काय ते. तोंडाने मी बोलतो."

काम असं आहे. लोकांना मदत देणारे चार विभाग एकाच इमारतीत आहेत, एकेका मजल्यावर एकेक: अन्न-मदत, बालसंगोपन, अपंगत्व भत्ता आणि तुझा तो महिला आधारगृहांचा. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं. एखाद्या बाईचं मूल आजारी असलं तर तिने चार जिने चढायचे आणि चार खिडक्यांवर नाव, जन्मतारीख, पत्ता पुन्हा पुन्हा सांगायचा. एका खिडकीवर नाव चुकीचं पडलं की पुढच्या खिडक्या तिला ओळख देत नाहीत. आता हे सगळं एका सामायिक यंत्रणेवर आणायचं आहे. माणसाची ओळख एकदाच पटवायची, पत्ता एकदाच नोंदवायचा, आणि चौघांनीही तोच वापरायचा.

हे बांधणाऱ्या मुख्य इंजिनिअर बाईंना सगळे "नकाशेवाल्या बाई" म्हणतात, कारण त्या फळ्यावर सतत चौकोन आणि बाण काढत असतात. मुलाखतीत मी त्यांना विचारलं की सामायिक म्हणजे नेमकं काय. त्यांनी कँटीनच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "तिथे जाऊन तू चहा मागतोस. दूध कुठल्या पातेल्यात आहे याच्याशी तुला काय करायचंय? चहा मिळाला, संपलं. तशी एकेका कामाची एकेक खिडकी करायची. ज्याला हवं त्याने येऊन मागावं. प्रत्येक मजल्यावर वेगळी चूल कशाला?"

मग त्यांनी मला नोंदींचं एक पान दिलं आणि यात कोणती दोन माणसं खरं तर एकच आहेत ते शोधायला सांगितलं. एका जोडीपाशी मी अडलो. शेवटी विचारलं, "इथे 'माहीत नाही' असं लिहिलं तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "सोमवारपासून ये." शाळा नववीत सुटली हे मी आधीच सांगून टाकलं होतं, नंतर कळायला नको म्हणून.

पत्र नेहमीप्रमाणे तुझ्या पोस्टपेटीच्या नंबरावर टाकतोय. तुझ्या राहत्या घराचा पत्ता आजवर आपल्यात कुणालाच नाही. बाबा म्हणतात, तुझ्या क्वार्टरला छप्पर नसणार म्हणून लाजतेस. आई म्हणते, पाहुणे टाळायची युक्ती आहे.

तुझा,
मास्तर


११ मार्च

मास्तर,

झाला का दुसरा बूट? का अजून त्यावरच आहेस?

खूप आनंद झाला. लहानपणी रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका मोठ्याने वाचायचास आणि मला तुझ्या तोंडावर हात ठेवून पळावं लागायचं. आता सरकार त्याचेच पैसे देणार म्हणजे माझी धावपळ वाया गेली नाही. दादाला सांग, छप्पर आहे. वहिनीला काही सांगू नकोस, तिचं बरोबर आहे.

तुमच्या त्या सामायिक यंत्रणेवर आमच्याकडे मात्र कुणी खूश नाही. परिपत्रक वाचून दाखवलं तेव्हा आम्ही सगळ्या गप्प बसलो. पाच बायका एका खोलीत आणि सगळ्या गप्प, यावरून काय ते ओळख. आमच्या बायका घर सोडून आलेल्या असतात. त्यांची माहिती आमच्या कपाटात असलेली बरी, असं आम्हाला वाटतं. याहून जास्त मी पत्रात लिहिणार नाही आणि तूही विचारू नकोस.

बाकी ठीक. आमच्याकडे एक शिंपीणबाई आहे, येऊन वर्ष होऊन गेलं. आली तेव्हा एका हाताने मुलाला धरलेलं आणि दुसऱ्या हातात शिलाई मशीन. कपडे नाहीत, भांडी नाहीत, मशीन! आल्या आल्या मला म्हणाली, "पडदे फार वाईट शिवलेत हो तुमचे." आता सगळे पडदे तिचे आहेत. तिच्या मुलाला ऐकू फार कमी येतं. सहा वर्षांचा आहे, हुशार आहे, पण त्याला हाक मारायची तर पाय आपटावा लागतो, म्हणजे जमीन हलते आणि तो वळतो. कानाच्या यंत्राला आणि दरमहा भत्त्याला तो सरळसरळ पात्र आहे. पण ती अर्ज करत नाही. मी फॉर्म समोर ठेवते, ती त्याच्यावर कात्री ठेवून कामाला लागते.

जेवत जा वेळेवर.

तुझी आत्या


१५ मार्च, शुक्रवार. संध्याकाळचे सहा.

आत्या,

ऑफिस आत्ताच सुटलं. सगळे गेले, मी खुर्ची आत सरकवून पुन्हा बसलो. आज मला जुळणी कक्षात, म्हणजे जिथे आम्ही चारही विभागांच्या नोंदी जुळवतो तिथे, सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली, आणि ती घरी सांगायच्या आधी तुला सांगावी असं वाटलं, कारण ती तुझ्याच विभागातल्या कामाबद्दल आहे.

रागावू नकोस, पण तुमच्या विभागाच्या नोंदी म्हणजे नुसता गोंधळ. जवळजवळ चाळीस बायकांचा पत्ता एकच लिहिलाय, आणि तो कुठला, तर आमच्याच इमारतीच्या तळमजल्याचा! मला वाटलं माझंच काही चुकतंय, म्हणून मी खाली जाऊन बघून आलो. तिथे एक टेबल आहे, दोन कपाटं आहेत आणि एक शिपाई आहे. त्यांना विचारलं, "इथे कुणी राहतं का?" ते म्हणाले, "पगार बघितला तर मीच राहतो म्हणायला हवं."

कुणीतरी कंटाळा करून सगळीकडे ऑफिसचा पत्ता डकवून दिलाय हे उघड होतं. मग मी बालसंगोपन विभागाच्या नोंदी लावून बघितल्या. परिचारिका मुलांना लस द्यायला घरी जाते, तेव्हा तिने खरा पत्ता लिहिलेला असतो. बहुतेक सगळ्या एकाच इमारतीत निघाल्या! बागेसमोरची गल्ली, तळाला कुलुपांचं दुकान, शेजारून जिना. नावं मी तुला सांगू शकत नाही, पण इमारत सांगितली तर चालत असावं. तीन दिवस बसून मी एकेक पत्ता दुरुस्त केला. दोनदा तपासला. आता चारही विभागांत सगळीकडे खरा पत्ता दिसतो.

यंत्रणेची खबरदारी बघ किती चांगली आहे. पत्ता बदलला की कुटुंबाचा जुना पत्ता जिथे जिथे नोंदलेला असेल तिथे कुटुंबप्रमुखाच्या नावे आपोआप एक पत्र छापलं जातं: "आपल्या कुटुंबाचा पत्ता बदलून असा असा झाला आहे, चूक असल्यास कळवा." ही पत्रं सोमवारपासून टपालात पडतील. म्हणजे माझी एखादी चूक झाली असेल तर तीही पकडली जाईल. त्यामुळे मला आज शांत झोप लागेल.

तुझ्या शिंपीणबाईंना लिहिता येत नसेल तर लाजू नका म्हणावं. फॉर्म मला पाठव, मी सुवाच्य अक्षरात भरून देतो.

तुझा,
मास्तर


२१ मार्च

मास्तर,

मंगळवारी फोनवर मी जे ओरडले ते ओरडायलाच हवं होतं. तू फोन तसाच ठेवून पळालास, ते बरं केलंस. पण आता शांतपणे सगळं सांगते, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

तुझ्या मोत्यासारख्या अक्षरात मी माझ्या घराचा पत्ता वाचला. बागेसमोरची गल्ली, खाली कुलुपांचं दुकान. तेच आधारगृह. मी वरच्या मजल्यावर राहते. पोस्टपेटी त्यासाठीच. आमच्या बायका घर सोडून येतात असं मी लिहिलं होतं. त्या मार खाऊन, जीव वाचवून येतात. त्यांना शोधणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो ज्याचं नाव तुमच्याकडे कुटुंबप्रमुख म्हणून लिहिलेलं आहे. म्हणून आम्ही वर्षानुवर्षं मुद्दाम ऑफिसचा पत्ता लिहितो. कंटाळा नाही तो. ते आमच्या दाराचं कुलूप होतं, आणि तू ते गंज समजून घासून काढलंस.

तू टपाल खोलीत जाऊन पोती अडवलीस हे कळलं. सोमवारी संध्याकाळी निघून गेलेल्या एका गठ्ठ्यात आमच्यापैकी एकच पत्र होतं. शिंपीणबाईचं.

मंगळवारीच रात्रीच्या जेवणाआधी तिला आणि मुलाला दुसरीकडे हलवलं. कुठे ते विचारू नकोस. धुलाईवाल्याची गाडी आली, तिच्यात चादरींच्या गाठोड्यांमागे दोघं बसली. मशीन जिन्यावरून उतरवताना निसटलं. टेबलाची फळी मोडली, पाय वाकला, पट्टा तुटला. तिने तुटलेला पट्टा हाताला गुंडाळला आणि उतरत राहिली.

तिचा नवरा काल दुपारी आला. हातात तुमचं पत्र. खाली कुलूपवाल्याला विचारलं, "वर कोण राहतं?" कुलूपवाला भला माणूस. म्हणाला, "माझी सासू राहते. न्यायची असेल तर आत्ता न्या, भाडं मी देतो." तो तरी जिन्याला लागलाच. आम्ही दार लावून घेतलं होतं, पोलिसांना फोन केला होता. ते येऊन त्याला घेऊन गेले. पण उद्या तो सुटेल, आणि एकाला कळलेला पत्ता सगळ्यांना कळला असंच धरून चालायचं. आम्हाला ही इमारत सोडावी लागणार.

आमच्या साहेबांनी वर लिहून कळवलंय की आमचा विभाग सामायिक यंत्रणेतून बाहेर पडतो. बैठक लावली आहे. मी त्यांच्या बाजूची आहे हे तुला आधी सांगते.

तुझ्यावर राग आहे. पण तू माझा भाचा आहेस, त्यामुळे जेवत जा.

आत्या


२४ मार्च, रविवार. सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटे.

आत्या,

तुझं पत्र काल आलं. तेव्हापासून मी ते हातात घेऊन बसलोय. आईने विचारलं, "कुणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही, वाचले सगळे." ती आणखीच घाबरली.

मंगळवारी काय झालं ते सांगतो. तुझा फोन आला तेव्हा पहिल्या वाक्यालाच मला कळलं. मी तळघरात टपाल खोलीत धावलो. तिथल्या माणसाने पोत्यांना हात लावू दिला नाही, म्हणाला, "लेखी आणा." माझ्याकडे लेखी काही नव्हतं. मी पोत्यांवर बसलो. खरोखर बसलो, आत्या, आणि म्हटलं, "साहेबांना बोलवा, पोलिसांना बोलवा, मी उठत नाही." त्याने नकाशेवाल्या बाईंना बोलवलं. त्या आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि मी काही सांगायच्या आधी त्याला म्हणाल्या, "पोती ठेवा. सही मी करते." त्यानंतर मी सांगितलं. त्या खाली पायरीवर बसल्या.

चूक कुठे झाली ते मी शोधून काढलंय. मला ते पत्ते विचित्र वाटले होते. विचित्र वाटलं तर थांबायचं, विचारायचं, "माहीत नाही" लिहायचं. त्यासाठीच मला घेतलं होतं. पण दुसऱ्यांदा तपासताना सगळं इतकं छान जुळत गेलं की मी स्वतःवरच खूश झालो. चाळीस बायकांच्या नोंदी कंटाळ्याने चुकल्या असतील हे मला पटलं, आणि कुणीतरी त्या जाणूनबुजून तशा ठेवल्या असतील हे मनातही आलं नाही.

बुधवारी मी राजीनामा नेऊन दिला. बाईंनी वाचला. म्हणाल्या, "तू गेलास की उद्या दुसरा मुलगा येईल. तोही नीटनेटका असेल. तोही पत्ते दुरुस्त करेल. मग?" मी म्हटलं, "पण चूक माझी आहे." त्या म्हणाल्या, "आहेच. पण मी पत्त्यांची खिडकी अशी बांधली की तिथे कुणीही डोकं आत घालून सगळी पातेली उघडू शकतो. ती माझी. दोघांनी मिळून निस्तरायचं का पळायचं, ते सांग." मी राजीनामा परत घेतला. बरोबर केलं का ते कळत नाही.

बैठक एप्रिलच्या शेवटी आहे. बाईंनी मला एक काम दिलंय. तुला विचारून आधारगृहांना नेमकं काय हवंय ते आणायचं. त्यांचं म्हणणं, विभाग बाहेर पडला तर त्या बायका सुरक्षित राहतील पण भत्ते, औषधं, अन्न यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. आणि आत राहिला तर पोचेल पण पुन्हा असं होऊ शकतं. यातून वाट कुठली ते तुम्हालाच माहीत असेल. तुला लिहावंसं वाटलं तरच लिही.

शिंपीणबाई कशा आहेत? मुलगा?

मास्तर


८ एप्रिल

मास्तर,

उशीर झाला कारण आमचं बिऱ्हाड हललं. नवी जागा कुठे ते अर्थातच सांगणार नाही, पण अंगण आहे आणि मुलं दिवसभर बाहेर आहेत. जुन्या जागेत त्यांना खिडकीत उभं राहायलाही बंदी होती. कुलूपवाल्याने सगळ्या दारांना नवी कुलुपं बसवून दिली, मजुरी घेतली नाही. म्हणाला, "सासूच्या घराला कोण मजुरी लावतं?" शिंपीणबाई आणि मुलगा परत आमच्यात आलेत. मशीन भिंतीला टेकवून ठेवलंय.

तुझ्या बाईंसाठी मी आधी एकच ओळ लिहिली होती: "आम्हाला बाहेर राहू द्या." लिहून झाल्यावर काय वाटलं कुणास ठाऊक, शिंपीणबाईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "अगं, तुझ्यासाठीच लिहिलंय."

"माझ्यासाठी लिहिताय तर मला विचारा की. चौदा महिने झाले, मी अर्ज केला नाही, कारण पत्ता लिहावा लागतो. तुम्ही बाहेर राहिलात तर यापुढेही करणार नाही. पोरगा बिनकानाचा मोठा होईल. ही सुरक्षितता कोणाची हो? माझी का तुमच्या कपाटाची?"

मग ती शिकवायला लागल्यासारखी सांगत गेली. "लग्नाआधी मी दुकानासाठी शिवायचे. दुकानदार कापड द्यायचा आणि चिठ्ठीवर माप. गिऱ्हाईक कोण, कुठे राहतं, मला कधी कळलं नाही. गिऱ्हाइकालाही मी माहीत नव्हते. झगे मात्र बरोबर बसायचे. तसं करा म्हणावं. मला सरकारचं पत्र आलं पाहिजे, पैसे आले पाहिजेत, आणि पाठवणाऱ्याला मी कुठे आहे ते कळता कामा नये. एवढं जमत नसेल तर एवढी मोठाली मशिनं घेऊन करता काय?"

मी माझी ओळ फाडली. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहून सोबत जोडलंय. हे बैठकीत वाच. नाव घालू नकोस. आमच्या साहेबांना मी सांगून ठेवलंय की मी बाजू बदलली. ते म्हणाले, "बाई, तुम्ही दर पंधरवड्याला बदलता." मी म्हटलं, "विचारल्यावर बदलते."

पत्ते दुरुस्त करणारा माणूस कोण, असं तिने मला दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही.

आत्या


२७ एप्रिल, शनिवार. दुपारचे सव्वादोन.

आत्या,

काल बैठक झाली. आज सुट्टी आहे, मी टेबल पुसून, पेनात शाई भरून बसलोय, म्हणजे मधे उठावं लागणार नाही.

वाचायला मला उभं केलं. शिंपीणबाईंचे शब्द तसेच वाचले, "मोठाली मशिनं घेऊन करता काय" यासकट. तुमचे साहेब खाली बघून हसले. नकाशेवाल्या बाईंनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि फळ्यापाशी गेल्या. म्हणाल्या, "मी सगळ्यांना चहाची खिडकी म्हणून सांगत होते आणि देत होते स्वयंपाकघराची किल्ली. पत्ता हवाय कुणाला? अन्न-मदतवाल्यांना पत्र पोचवायचंय. मग त्यांनी पत्र द्यावं. पोचवण्याचं काम खिडकीचं. पत्ता आतच राहील."

अन्न-मदतच्या साहेबांना ते रुचेना. म्हणाले, "मग आमच्या पडद्यावर पत्त्याच्या जागी काय दिसणार?"

"काहीच नाही."

"रिकामी जागा? अहो, रिकामी जागा दिसली की माझं डोकं दुखतं."

"मग 'पोचतं' असं लिहू."

त्यांनी थोडा विचार केला. "हां, 'पोचतं' चालेल."

तर असं ठरलं. यापुढे कुठल्याही विभागाला पत्ता दिसणार नाही. पत्र द्यायचं असेल तर पत्र द्या, पैसे द्यायचे असतील तर पैसे द्या, तपासणी ठरवायची असेल तर दिवस सांगा. खिडकी ते तुमच्या पोस्टपेटीपर्यंत नेईल आणि पुढचं तुम्ही बघाल. एखादी बाई या भागातली आहे का असं विचारलं तर उत्तर फक्त हो किंवा नाही. जुन्या पत्त्यावर जाणारं ते पत्र आधारगृहातल्या बायकांपुरतं नाही, सगळ्यांसाठीच बंद. आणि आम्हा जुळणीवाल्यांना "एकच", "वेगळे", "माहीत नाही" यांच्या शेजारी आणखी एक बटण मिळालंय: "विभागाला विचारा". ते दाबलं की नोंद गोठते आणि तुमच्याकडचं माणूस हो म्हणेपर्यंत हलत नाही. ते मी मागून घेतलं. तोंड उघडून, भर बैठकीत.

चाचणी आधी फक्त तुमच्या आधारगृहावर करणार. तुमचे साहेब सहा महिन्यांसाठी आत राहायला तयार झाले.

आणखी एक. बाईंनी रात्री जागून तुमच्या आधारगृहापुरती नवी खिडकी चालू केली, आणि आज सकाळी सुट्टी असूनही मला खास बोलावून माझ्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "शिंपीणबाईंचा पत्ता काढून दाखव. ज्या वाटेने जमेल त्या वाटेने." मी बसलो. लसीच्या नोंदीतून गेलो, अन्नाच्या कार्डातून गेलो, मुलाच्या जन्मतारखेवरून गेलो. प्रत्येक दारावर "पोचतं". पावणेबाराला मी हात वर केले. बाईंनी मला कँटीनमध्ये चहा पाजला. हरल्याचा इतका आनंद मला आजवर झाला नव्हता.

अर्ज करतील का त्या?

मास्तर


१४ जून

मास्तर,

केला. एप्रिल संपता संपता बसली आणि एका दमात फॉर्म भरला. अक्षर तुझ्याहून चांगलं आहे, हे लिहून ठेव. पत्त्याची जागा रिकामी ठेवून तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आता तिला पकडूनच देणार आहे. मी म्हटलं, "पुढे चल."

तीन आठवडे काही नाही. ती रोज मला विचारायची नाही, पण पोस्टपेटी उघडून आले की माझ्या पिशवीकडे बघायची. मग एक दिवस आलं. अपंगत्व विभागाचं पत्र, तिच्या नावे, आणि पाकिटावर तिच्या नावाखाली फक्त आपला पेटीचा नंबर. तिने ते उघडायच्या आधी पालथं करून बघितलं, उजेडात धरून बघितलं. कुठेही काही लिहिलेलं नाही याची खात्री झाल्यावर मग फाडलं.

कान तपासले. एक यंत्र मिळालं, दुसऱ्याला वेळ लागेल म्हणाले. यंत्र बसवलं तेव्हा आम्ही सगळ्या दाराशी गर्दी करून उभ्या. तो नुसता भुवया वर करून बघत राहिला. आमच्या स्वयंपाकीणबाई रडायलाच लागल्या, तर त्याने यंत्रावर हात ठेवला. त्यांचं रडणं त्याला फार मोठं वाटलं! घरी आल्यावर त्याच्या आईने सवयीने कापड कापायला घेतलं. कात्रीचा आवाज आला आणि तो धावत येऊन तिच्या मांडीला चिकटला. "परत कर." तिने चिंध्या कापल्या. "परत." संध्याकाळपर्यंत तिने एक अख्खी जुनी चादर त्याच्यासाठी कापून काढली. मी ती चादर हिशेबात दाखवणार नाही.

त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं. पत्ते दुरुस्त करणारा माझा भाचा आहे, आणि पोत्यांवर बसणाराही तोच, आणि बैठकीत तुझं बोलणं वाचणाराही तोच. ती ऐकत होती, हातात कात्री. मला वाटलं आता काहीतरी लागट बोलणार. म्हणाली, "वय काय त्याचं?"

मी सांगितलं.

"पगार होतो का वेळेवर?"

"होतो."

"मग त्याला म्हणावं, टेबलाची फळी, पाय आणि पट्टा. सुताराकडून भाव काढून आणलाय मी. ते पैसे दे, मग तुझ्याशी काय बोलायचं ते बघू."

भाव सोबत जोडलाय. मला वाटतं, मास्तर, तिने तुला माफ केलं. पण पावती मिळेपर्यंत तू हे कुणाला बोलू नकोस.

तुझी आत्या


२२ जून, शनिवार. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे.

आत्या,

मी आत्ता इमारतीच्या टपाल खोलीबाहेरच्या बाकावर बसलोय. शनिवारी अर्धा दिवस उघडी असते. शिंपीणबाईंच्या पैशांचं पाकीट आत्ताच सामायिक खिडकीतून दिलं. पाकिटावर त्यांचं नाव लिहिलं, खाली काही लिहिलं नाही. आतल्या माणसाने (तोच पोतीवाला, ओळखलं मला त्याने) विचारलं, "पत्ता?" आणि स्वतःच जीभ चावून शिक्का मारला. शिक्क्यावर लिहिलंय "पोचतं".

तुझ्या हातात देता आले असते, पण ते तुझे पैसे वाटले असते. पाकिटात चिठ्ठी घातलीय. दोनच वाक्यं आहेत. ती मी पाच वेळा लिहून काढली आणि शेवटी पहिलीच घातली, कारण पुढच्या चारांमध्ये मी स्वतःचीच बाजू मांडत होतो.

इकडे आणखी दोन आधारगृहं आत येतो म्हणालीत. अन्न-मदतचे साहेब आता "पोचतं" हा शब्द स्वतः शोधल्यासारखा सगळ्यांना सांगतात. नकाशेवाल्या बाई म्हणतात, सांगू दे. माझं कंत्राट पुढच्या वर्षी वाढवायचा प्रस्ताव गेलाय. बाबांना सांगितलेलं नाही. ते "कायम झाला" म्हणून मोकळे होतील.

पावती दिली तर ठेव. नाही दिली तरी विचारू नकोस.

हिशेब, तुला माहीत असावा म्हणून:

शिंपीणबाईंना मी द्यायचे: फळी आणि पाय १८००, पट्टा १५०. एकूण १९५०.
आज पाठवले: ७००.
पाकीट आणि टपाल: १२.
माझ्याकडून देणं बाकी: १२५०. जुलैत ७००, ऑगस्टमध्ये ५५०.

सरकारने शिंपीणबाईंना द्यायचे: आधारगृहात आल्यापासूनचे मागचे चौदा महिने, दरमहा ४५०. एकूण ६३००, मंजूर.
पोचले: २२५०.
येणं बाकी: ४०५०, आणि दुसऱ्या कानाचं यंत्र. सोमवारी वर जाऊन विचारतो.